दुसऱ्या मजल्यावरची ऑडिशन

आता काय सांगू तुम्हाला! लोक ऑडिशन देतात आणि नापास होतात. त्यात काय विशेष? मी मात्र अशी ऑडिशन देऊन आलेय, जी कुणी घेतच नव्हतं! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू झाले की मी मध्ये थांबत नाही.

मी मूळची अकोल्याची. यांची नोकरी रेल्वेत, म्हणून गेली अठरा वर्षं आम्ही जयपुरात, विद्याधर नगरला. कॉलेजात मी नाटकातून कामं करायचे. मग लग्न झालं, बदल्या झाल्या, मुक्ता झाली आणि नाटक राहून गेलं. पण आतून काही सुटलं नव्हतं हो! भाजीवाल्याशी घासाघीस करतानासुद्धा मी वाक्याच्या मध्ये पॉज घेते.

एके दिवशी मुक्ता मोबाइल नाचवत आली. तिचं मराठी म्हणजे अर्धं जयपूरचं.

"आई, मतलब, तू एकदा ट्राय तर कर ना! इथे वेब सिरीजचं शूटिंग होणार आहे, कोचिंगच्या मुलांवर. त्यांना एक स्ट्रिक्ट मॅडम पाहिजे. पंचेचाळीसच्या आसपासची."

"आता एवढ्या वयाची बाई कुठून शोधून द्यायची त्यांना?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी सत्तेचाळीसची आहे.

फोटो पाठवला. दोन दिवसांनी ईशा नावाच्या मुलीचा फोन आला. शनिवारी अकरा वाजता, गोपालपुरा, अमुक बिल्डिंग, तिसरा मजला. संवाद पाठ करायचे नाहीत, सुचेल तसं बोलायचं. प्रसंग असा, की कडक बाई वर्गाला झापते, मग एका मुलीला घरची आठवण येते आणि बाई विरघळते.

पुढचे चार दिवस मी घरात सगळ्यांना झापलं. शेवटी हे कावले. "अवं, तू मले काहून ओरडून राह्यली?"

"प्रॅक्टिस करतेय."

"मंग इरघळाची प्रॅक्टिस कवा करशीन?"

शनिवारी कडक इस्त्रीची कॉटनची साडी, नाकावर चष्मा, हातात फाइल, अशी मी गोपालपुऱ्यात हजर! तिथला थाट तुम्ही पाहिलाय का? खांब म्हणू नका, भिंत म्हणू नका, सगळीकडे पास झालेल्या पोरांचे फोटो. आमच्या बिल्डिंगवर तर इतक्या पाट्या, की खिडक्या कुठे आहेत ते कळेना. दारात स्टुलावर वॉचमन भैया बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"डेमो देने आई हैं, मैडम?"

डेमो! मी म्हटलं, बघा, कसे शब्द असतात या सिनेमावाल्यांत. "हाँ जी, डेमो."

"दूसरी मंज़िल। डायरेक्टर साहब अंदर ही बैठे हैं।"

आता मला सांगा, मी काय समजायचं? ईशा तिसरा मजला म्हणाली होती, पण म्हटलं ऐकण्यात चूक झाली असेल. शिवाय डायरेक्टर जातीनं बसलेत म्हटल्यावर मजले कोण मोजतं?

वर गेले तर एका माणसानं मला थेट आत नेलं. आत काय पाहते! अस्सल वर्गाचा सेट. फळा, बाकं, पंखे, आणि चाळीसेक पोरं-पोरी. मागच्या बाकावर तीन गंभीर माणसं कागद-पेन घेऊन बसलेली. मधले टक्कल असलेले गृहस्थ म्हणाले, "मैं डायरेक्टर हूँ। शुरू कीजिए। आपके पास चालीस मिनट हैं।"

चाळीस मिनिटं! माय बाई! मला वाटलं होतं दोन मिनिटांत घरी पाठवतील. मनात म्हटलं, फोटोतच काहीतरी दिसलेलं दिसतंय यांना.

कॅमेरा शोधला. कोपऱ्यात छताजवळ छोटासा लावलेला होता. वा! हल्लीचे कॅमेरे किती लहान! मग मी खोल श्वास घेतला आणि फाइल टेबलावर आपटली.

"खड़े हो जाओ सब!"

चाळीसच्या चाळीस पोरं उभी! चेहऱ्यावर खरीखुरी भीती. मी मनात म्हटलं, काय गुणी कलाकार गोळा केलेत!

मग मी जी सुटले! मोबाइलवरून झापलं, उशिरा उठण्यावरून झापलं, एकाला केसांवरून झापलं. मागची तिघं भराभर लिहीत होती. माझा उत्साह वाढतच होता. दहा मिनिटांनी मी आवाज खाली आणला, तिसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा, घर की याद आती है?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! ग्लिसरीन नाही, काही नाही. मी थक्क! मी हळूच तिची हनुवटी धरून चेहरा छताच्या दिशेनं वळवला आणि कुजबुजले, "कैमरा उधर है।"

ती आणखीच रडायला लागली. शेजारची रडायला लागली. मागे एक उंच मुलगा चष्मा पुसायला लागला. मी म्हटलं, आज इतिहास घडतोय!

एवढ्यात मागून डायरेक्टर खाकरले. "मैडम, वो मोल वाला कब आएगा?"

तुम्हीच सांगा, मी सायन्सची आहे का? मी बी.ए., मराठी वाङ्मय! मला वाटलं, हे मला पुढच्या संवादाचा धागा देतायत. मी सावकाश वळले. पॉज घेतला. चांगला मोठा घेतला.

"मोल?" मी म्हटलं. "मोल पूछते हैं आप? इन बच्चों के आँसुओं का मोल? माँ की रोटी का मोल? है कोई तराज़ू आपके पास?"

टाळ्या! बाकं वाजली, शिट्ट्या वाजल्या. डायरेक्टरांचं तोंड उघडं ते उघडंच. मी कॅमेऱ्याकडे, म्हणजे छताकडे, बघून नमस्कार केला.

आणि माझा फोन वाजला.

"आंटी, ईशा बोल रही हूँ। आपका नाम तीन बार पुकार चुके। आप हैं कहाँ?"

"अरे बेटा, मैं तो ऑडिशन दे रही हूँ!"

"किसको?"

मी फोन कानाला तसाच ठेवून त्या टकलू गृहस्थांना विचारलं, "आप... किस चीज़ के डायरेक्टर हैं?"

"इस कोचिंग का," ते म्हणाले. "और आप केमिस्ट्री का डेमो देने आई हैं ना? मोल कॉन्सेप्ट?"

त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी थेट खालच्या झेरॉक्सच्या दुकानात पडले असते, आणि आनंदानं पडले असते! रडणारी पोरं, वेण्यांवाली मुलगी, सगळं खरं होतं. आणि मी त्या लेकराचा चेहरा सीसीटीव्हीकडे वळवला होता!

हात जोडून सगळं सांगितलं. कोण मी, कुठून आले, कशाला आले. मग जे हसू फुटलं म्हणता! तीच पोरं, डोळे पुसता पुसता हसत होती. डायरेक्टरसुद्धा रुमालात तोंड लपवून हलत होते.

बाहेर आले तर दाराशी टाय लावलेला एक किडकिडीत तरुण फाइल छातीशी धरून उभा. खरा केमिस्ट्रीवाला! काचेतून त्यानं सगळं पाहिलं होतं.

"मैडम, आपके बाद मैं क्या पढ़ाऊँगा? मैं जा रहा हूँ।"

"अहो, थांबा! रुकिए! मुझे केमिस्ट्री का 'क' भी नहीं आता!"

"वो तो मैंने देखा," तो खिन्नपणे म्हणाला. "फिर भी।"

त्याला मी अक्षरशः दंडाला धरून आत ढकललं. माझ्या वेडेपणापायी बिचाऱ्याची नोकरी कशाला जावी? जिन्याकडे वळले, तर वेण्यांवाली मुलगी मागून धावत आली. चौमूंची होती. इथून तासाभराचा रस्ता, आणि पोरगी दोन महिने घरी गेली नव्हती. "मैडम, आप फिर आएँगी? पढ़ाने नहीं, ऐसे ही।"

मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "आधी घरी फोन कर. आत्ता. माझ्यासमोर." मराठीतच म्हटलं बरं का, भान कुठे होतं! पण तिला समजलं. तिचं "मम्मी" ऐकलं आणि मगच मी तिसरा मजला चढले.

वर खरा कॅमेरा होता. त्याच्यामागे ईशा, मुक्ताहून फार तर पाच वर्षांनी मोठी. मी तिला असिस्टंट समजत होते, ती निघाली सिरीजची दिग्दर्शक. तिच्यासमोर मी तोच प्रसंग पुन्हा केला. फाइल आपटली, पॉज घेतले, आवाज कापरा केला. बेंबीच्या देठापासून केला!

ईशा हळूच म्हणाली, "आंटी, दिल तो है। पर थोड़ा... ज़्यादा हो गया। सच कहूँ तो आप टीचर लगती ही नहीं।"

टीचर वाटत नाही! खाली चाळीस पोरांना विचार म्हणावं!

पण तिनं मला परत पाठवलं नाही. एक छोटी भूमिका होती. लेकीला हॉस्टेलवर सोडायला आलेली आई. दीड मिनिटाचा प्रसंग. "करेंगी?" म्हणाली. मी पायऱ्या उतरता उतरता यांना फोन केला, तर हे म्हणतात, "मंग आता घरात ओरडणं बंद ना?" आणि फोन ठेवायच्या आधी हळू आवाजात, "वसू, लय बेस झालं."

शूटिंगच्या दिवशी तिथल्याच एका हॉस्टेलच्या खोलीत सगळा जामानिमा. माझी लेक झालेली मुलगी गोड होती. मला निरोप घ्यायचा होता, बस्स. पहिला टेक, मी हुंदका दिला. "आंटी, थोड़ा कम।" दुसरा टेक, मी दाराला धरून कोसळले. "आंटी, और कम।" सहाव्या टेकला मी इतकं कमी केलं, की ईशा म्हणाली, "आंटी, आप ज़िंदा तो हैं ना?"

शेवटी तिनं कपाळावरचा घाम पुसला. "लाइट ठीक करने में टाइम लगेगा। आप दोनों यहीं बैठिए, आराम से।"

मी पलंगावर बसले. बघते तर उशीला अभ्रा नाही. म्हटलं, लेकरू काय अशा उशीवर झोपणार? अभ्रा चढवला. पोरीला विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का? नाही म्हणाली. तिचे केस कपाळावरून मागे सारले. म्हटलं, दूध घेत जा, आणि परीक्षेत नाही जमलं तर लपवायचं नाही, आधी मला सांगायचं. ती हो म्हणाली आणि तिनं माझा पदर घट्ट धरला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग मला एकदम वेळेचं भान आलं. अरे, शॉट बाकी आहे! मी झटकन उठले, साडी सारखी केली, घसा खाकरला, चेहऱ्यावर वियोगाचं दुःख आणलं आणि ठणकावून म्हटलं, "चलो ईशा बेटा, अब मैं रेडी हूँ! एक्टिंग शुरू करूँ?"

खोलीतली सगळी माणसं डोळे पुसत होती. ईशानं माझ्यासमोर अक्षरशः हात जोडले.

"आंटी, बिल्कुल मत कीजिए! शॉट हो गया।"