दूतावासातले साहेब

नवागामच्या आमच्या गल्लीत यंत्रमाग दुरुस्त करणारे एक लूम-फिटर राहतात. 'कारण काय शे, भाऊ,' असं म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. चहाच्या टपरीवर रिकामे ग्लास मांडून ते कुठला देश कुणाच्या आघाडीत आहे ते समजावतात.

त्यांची मुलगी आखातात नर्स. तिथे युद्ध पेटलं तेव्हा कुणीतरी उत्साहाने विचारलं, "काका, आता कोण कुणाच्या बाजूने उतरणार?"

काकांनी ग्लासांना हात लावला नाही. "तठे आपला दूतावास उघडा शे का, तेवढं सांगा."

तेवढ्यात मुलीचाच फोन आला. दूतावासातले एक साहेब तिला आणि इतर नर्सेसना सीमेपलीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवत होते. काकांनी तिला साहेबांकडे फोन द्यायला लावला. मला वाटलं, आता रडतील.

"साहेब, तुम्ही कधी निघणार?" त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं.

"सगळे गेल्यावर, काका."

"घरी कळवलं?"

"आई आहे. वेळच मिळाला नाही."

"नंबर द्या. मी सांगतो त्यांना."

मुलगी सुखरूप परतली. काका मात्र अजून रोज संध्याकाळी त्या अनोळखी आईला फोन करतात. साहेब अजून तिकडेच आहेत.