झाकणभर भाज्या

आमच्या अलीगंजच्या बँकेतले कॅशियर घरून नुसत्या पोळ्या आणायचे. जेवायच्या सुट्टीत डब्याचं झाकण घेऊन टेबलाभोवती फिरायचे आणि प्रत्येकाकडून चमचाभर भाजी मागून घ्यायचे. बथुआ, भोपळा, मुळ्याचा पाला, काहीही चालायचं. वर आम्हालाच ऐकवायचे, "रोज एक ही सब्जी? अजी, बदन को भी तो कुछ नया चाहिए!" मला हा फुकटेपणा मुळीच आवडायचा नाही.

मग बायको बाळंतपणाला कोल्हापूरला गेली. मला एकच भाजी जमत होती, त्यामुळे डब्यात रोज बटाटा. आठवडाभर कॅशियरनी ते नुसतं पाहिलं. एके दिवशी "अरे, फिर आलू?" म्हणत माझंच झाकण उचललं आणि फेरीला निघाले. परत आले तेव्हा झाकणात हिरव्या, पिवळ्या, लाल भाज्यांची दाटी झाली होती.

"खाइए," म्हणाले. मी गुमान खायला लागलो.

त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी फेरी मारलीच नाही. माझे करपलेले बटाटे पोळीवर घेतले आणि "वाह साहब, कोल्हापुरी आलू!" म्हणत सगळे संपवले.