काकूचं बटन

प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावरून गाडी जाऊ लागली की ते प्रकरण मला जसेच्या तसे आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भडकलेल्या जमावासमोर हातात नुसती काठी घेऊन उभा राहिलो. त्या त्या वेळी भीती वाटली आणि काम संपल्यावर गेली. या प्रकरणातली भीती मात्र माझी नव्हती, एका बाईची होती. ती मला लागली आणि अजून पुरती उतरलेली नाही. नावे कोणाचीच लिहीत नाही. त्या घरातली माणसे आजही तिथेच राहतात.

निवृत्तीच्या आधी मी नंदुरबार जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ठाण्याचा प्रभारी होतो. मिरचीचा हंगाम होता. पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली आणि वारा सुटला की सगळ्या गावाला खोकला. त्याच दिवसांत भर बाजारात एका विशीतल्या तरुणाने केळ्यांच्या हातगाडीवाल्याच्या पोटात चाकू घातला. कारण काय, तर गाडीवाल्याने त्याला मोटारसायकल बाजूला घे म्हटले. गाडीवाला वाचला, पण बाजार भेदरला. त्या तरुणाला ठाण्यात आणले तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त होते आणि तो हसत होता. आरोपी पहिल्यांदा ठाण्यात येतो तेव्हा त्याची नजर आधी दाराकडे जाते, मग आमच्या हातांकडे. याची नजर कुठेच गेली नाही. त्याच्या डोळ्यांत भीती नावाला नव्हती, आणि ते पाहून मलाच कसेसे झाले.

माझे हवालदार त्याच भागातले, मुरलेले. त्याच्याकडे नीट पाहून ते म्हणाले, "साहेब, यानी कुत्ता खायेल शे."

कुत्ता गोळी हा शब्द खानदेशातल्या पोलिसांना नवा नाही. मुळात ती गोळी वाईट नाही. ज्यांच्या छातीत विनाकारण धडकी भरते, आता जीव जातो असे वाटते, अशा रुग्णांना मानसोपचाराचे डॉक्टर ती तोलूनमापून देतात, भीती आवरावी म्हणून. गल्लीत तीच गोळी भीती मारून टाकण्यासाठी खाल्ली जाते. तिथे तिला कुत्ता म्हणतात, कोणी बटन म्हणतात. दाबले की डोके बंद. हे शब्द सारखे बदलत राहतात, कारण पोलिसांना कळलेला शब्द त्यांच्या उपयोगाचा राहत नाही.

असाच नवा शब्द आमच्या कानावर आला. आमचा खबऱ्या काळीपिवळी चालवायचा. त्याने गोपनीय बातमी दिली, "साहेब, स्टँडवर काकूचं बटन चालू शे. पोरं म्हनतस, काकूचं अस्सल ऱ्हास."

आम्ही काकूच्या मागे लागलो. बाई विकते आहे असे धरून संशयित बायकांवर पाळत ठेवली. महिला शिपाई साध्या वेशात स्टँडवर बसू लागल्या. पण निम्मा तालुका बायकांना काकूच म्हणतो. हाती काहीच लागेना.

तशातच एका दुपारी एक बाई ठाण्यात आली. साठीच्या आसपासची, चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरातली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. तापीकाठच्या गावाहून एकटीच आली होती. ठाणे अंमलदारांनी खुर्ची दिली तरी ती बसेना. भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"काय झालं, मावशी?" मी विचारले.

"मन्हा घरमा कोनतरी फिरस, साहेब. दुपारले. माडीवर पाय वाजतस. सगळा वावरमा जातस, मी एकटी ऱ्हास."

"कोणाला पाहिलं का?"

"नही. पन भिंतीना मांगे बोलतस. मन्हंच नाव लेतस. काकू, काकू करतस."

ती थरथरत होती. हात इतके हलत होते की पाण्याचा पेला तिला धरता येईना. टेबलावरचा फोन वाजला तशी ती किंचाळली. आमच्या महिला शिपायाने तिला जवळ घेतले. तिने त्या मुलीचा हात असा धरला की नंतर मनगटावर वळ दिसत होते.

थोड्या वेळाने मोटारसायकलवरून एक तरुण आला. नीटनेटका, पदवीधर, बोलायला अदबीचा. तो तिचा पुतण्या. तिचे यजमान वारले होते, मुलगा सुरतेला नोकरीला. घर आणि शेती हा पुतण्याच पाहत असे.

"साहेब, माफ करा. काका गेल्यापासून काकूच्या मनावर परिणाम झालाय. डॉक्टरांचं औषध सुरू आहे. दोन्ही वेळा मी स्वतःच्या हातानं गोळी देतो. तुम्ही मनावर घेऊ नका."

तो आत आला आणि बाई गप्प झाली.  महिला शिपायाचा हात मात्र सोडेना. पुतण्याने एकेक बोट हळुवार सोडवले, "चल ना काकू, घर जाऊत," म्हणाला आणि तिला मागे बसवून घेऊन गेला. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि हवालदारांना त्या बाईच्या घरी पाठवले. त्यांनी माडी पाहिली. चारा, जुनी खाट, खतांची रिकामी पोती. माणूस कोणी नव्हता. गावात विचारले तर सगळ्यांचे एकच, काकूचे डोके फिरले, बिचारा पुतण्या किती करतो.

त्यानंतर लवकरच स्टँडवर एक गॅरेजवाला तरुण गोळ्यांसह सापडला. पंचांसमक्ष झडती झाली, पंचनामा झाला, न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. चौकशीत तो बधला नाही. माल कोणाचा? "काकूचा." काकू कोण? "काकू म्हंजे काकू." तो स्वतःही गोळ्या खाणारा होता. आमच्यासमोर पाय पसरून बसायचा, जांभया द्यायचा.

आणि मग तो बदलला. पहाऱ्यावरच्या शिपायाने मला बोलावून नेले. तो तरुण लॉकअपच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. घामाने भिजलेला. दाराचा कडी-कोयंडा वाजला तसा तो उडालाच. पाणी दिले तर पेला हातात ठरेना. म्हणाला, "साहेब, मले आठून काढा. भिंतीना मांगे कोनतरी बोली ऱ्हायनं."

 ही वाक्ये मी ऐकली होती, हे हात पाहिले होते. याच ठाण्यात, पलीकडच्या खोलीत.

त्याला तातडीने रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांभाळले. बाहेर आल्यावर म्हणाले, "रोज गोळी घ्यायची सवय शरीराला लागते. ती एकदम थांबली की दाबलेली भीती दुप्पट होऊन वर येते. हात कापतात, आवाज ऐकू येतात. पुढे झटके येतात. माणूस दगावूही शकतो. ही गोळी थांबवायची तर हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली."

मी विचारले, "आणि आजारासाठी घेणाऱ्या माणसाची थांबली तर?"

"तेच होईल. पण रुग्ण नियमित घेत असेल तर थांबेल कशी?"

घेणाऱ्याला वाटत असेल की आपण घेतो आहोत, आणि देणारा दुसरेच काही देत असेल तर? हे मी डॉक्टरांना बोललो नाही. तरुण जरा शुद्धीत आला तसा त्याच्या उशाशी बसलो आणि शांतपणे विचारले, "काकूला तू पाहिलंस का कधी?"

तो रडू लागला. "कधीच नही, साहेब. काकूले काही माहीत नही. तिना नाववर डॉक्टरनी गोयी येस. पुतन्या आमले देस. आमी दुपारले मांगला दारथून माडीवर जातस. काकू घरमा ऱ्हास, पन ती येडी शे म्हने."

म्हणजे आम्ही जिला गुन्हेगार म्हणून शोधत होतो, तीच मदत मागायला आमच्या दारात आली होती.

तडक तिच्या गावी निघालो, गाडीत मी, हवालदार, महिला शिपाई आणि दोन पंच. रस्ता ओळखीचा, दोन्ही बाजूंना पपईचे मळे, तरी तो संपता संपेना.  डॉक्टरांचा 'दगावू शकतो' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. हवालदार एकदा म्हणाले, "जिती ऱ्हाई का, साहेब?" मी चालकाला गाडी आणखी जोरात घ्यायला सांगितले.

पुतण्या ओट्यावर मोबाईल पाहत बसला होता. उठून उभा राहिला, हसला. "या साहेब. चहा ठेवायला सांगतो."

"काकू कुठे?"

"झोपलीय. रात्रभर जागी होती."

आतल्या खोलीला बाहेरून कडी होती. "ती विहिरीकडे पळते, म्हणून लावावी लागते," तो म्हणाला. आवाजात किंचितही कंप नव्हता. महिला शिपायाने कडी काढली. बाई खाटेखाली होती. दात घट्ट मिटलेले, तोंडाच्या कडेला रक्त, अंग झटके देत होते. खाटेच्या पायाला तिने दोन्ही हातांनी मिठी मारली होती. तिला सोडवून उचलले तेव्हा आमच्या शिपाई मुलीच्या अंगावर ते सगळे अंग लटलट कापत होते, आणि दारात पुतण्या अजून विचारत होता, "चहा नको का मग?"

तिला तसेच रुग्णालयात नेले आणि ती वाचली. माडीवर चाऱ्याखाली गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. काकूसाठी कोनाड्यातल्या डबीत काढून ठेवलेल्या गोळ्या निघाल्या त्या साध्या कॅल्शियमच्या. पुतण्याने आधी काकूच्या गोळ्यांतून थोड्या मित्रांना दिल्या होत्या. चटक लागलेले वाढले तशी तिच्या नावाची डॉक्टरांची चिठ्ठी वेगवेगळ्या गावांतल्या दुकानांत फिरवू लागला. शेवटी तिच्या वाट्याची गोळीही त्याने तिला ठेवली नाही. चौकशीत मी विचारले, "तिचे हाल दिसत नव्हते का?"

तो म्हणाला, "दिसत होते ना. पण येडी म्हणून गाव तिचं ऐकत नव्हतं, मग मला कसली भीती?"

इतक्या वर्षांत कबुलीजबाब खूप ऐकले. असा थंड एकही नाही.

खटला उभा राहिला तेव्हा काकू साक्षीला आली. मुलगा तिला सुरतेहून घेऊन आला होता. उपचार पुन्हा नीट सुरू झाले होते, तरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. समोर पुतण्या बसला होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि नजर खाली घेतली. मला वाटले, आता ही बोलणार नाही.

बचावाचे वकील उठले. "तुम्ही मानसिक रुग्ण आहात, हे खरं ना? अजूनही गोळ्या घेता?"

न्यायालयात कुजबूज झाली. काकूने पदर सारखा केला.

"हा, शे मी आजारी," ती म्हणाली. "औषध चालू शे. म्हनीसन तं आठे उभी शे."

वकील खाली बसले. पुतण्याला शिक्षा झाली.

पोलीस ठाण्यात घाबरलेली माणसे रोज येतात. काहींची भीती आजाराची असते, काहींची खरी असते. दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हे मला त्या बाईने शिकवले. काकूच्या भिंतीमागचे आवाज आजाराचे होते की माडीवर आलेल्या पोरांचे, हे आम्हाला शेवटपर्यंत वेगळे करता आले नाही, आणि करायची गरजही नव्हती. घरात कोणी अशा आजाराचे औषध घेत असेल तर त्याला नावे ठेवू नका, औषध परस्पर बंद करू नका आणि ते कोणाच्या हातून दिले जाते याकडे लक्ष असू द्या. नवीन पोलीस पोरे सल्ला विचारतात तेव्हा मी कायद्याची कलमे सांगत बसत नाही. एवढेच सांगतो, की घाबरलेले माणूस दारात आले तर त्याचे ऐकून घ्या, आणि त्याला घरी न्यायला जो येतो, त्याच्याकडे जास्त नीट पाहा.