दोन सर्च इंजिनं आणि मावशीचं बोअर

मावशीच्या मंगल कार्यालयाची वेबसाईट मी करायला घेतली, तेव्हा मला वेबसाईट करता येते असं फक्त मावशीला वाटत होतं. मी कॉम्प्युटरचा एक कोर्स पुरा केला होता, दुसरा अर्धवट सोडला होता, आणि घरात माझ्या लग्नाचा विषय निघाला की "सध्या करिअर" असं म्हणून उठून जात होते. मावशीने ते करिअर मनावर घेतलं. दुसरं कुणी घेत नव्हतं, त्यामुळे मलाही तिला नाही म्हणवेना.

कार्यालय पडेगावला, दौलताबादच्या रस्त्याला लागून. काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी ते बांधलं तेव्हा भोवती नुसती ज्वारी होती. आता ज्वारीच्या जागी प्लॉट आणि प्लॉटवर कॉलन्या. शहर आमच्याकडे सरकत आलं, लग्नं मात्र उलट्या दिशेने बीड बायपासच्या लॉन्सवर निघून गेली. तिथे एसी होता, दुष्काळातही उडणारं कारंजं होतं, आणि वेबसाईट होती. इकडे एक बिल्डर काकांच्या मागे लागला होता. या लग्नसराईत तारखा भरल्या नाहीत तर जागा देऊन टाकायची, असं काकांनी सांगून टाकलं.

मावशी हादरली. त्या स्टेजवरून गेलेल्या प्रत्येक नवरीच्या पाठवणीला ती रडली होती. नवरीची आई गप्प झाली तरी हिचं चालूच. "हॉल इकला तर म्या रडू कुठं?" असं तिने मला विचारलं. मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते आवरावं लागलं.

काकांना मी समजावून सांगितलं की लोक आता इंटरनेटवर शोधतात, आणि शोधून देणारी सर्च इंजिनं दोन आहेत. एक मोठं, जे सगळं जग वापरतं. दुसरं नव्या कॉम्प्युटरबरोबर आपोआप येतं आणि ज्यांनी जन्मात सेटिंग बदललेलं नाही ते लोक तेच वापरतात. म्हणजे आपल्याकडचे ऑफिसवाले, शाळावाले आणि बँकवाले. मोठ्याला नुसते शब्द चालत नाहीत, लोक तुमच्याबद्दल काय बोलतात ते तो बघतो. धाकटा भोळा. जे लिहाल ते खरं मानतो, आणि जितक्यांदा लिहाल तितकं जास्त खरं मानतो.

"म्हंजे वरपक्ष आन् वधूपक्ष," काका म्हणाले. "एकाचा मान केला की दुसरा रुसतो." एवढ्या वर्षांत मला कुणी हे इतकं नीट सांगितलेलं नाही, कोर्सच्या सरांनी तर नाहीच.

मग मान दोघांचाही करायचं ठरलं. शहराची नावं दोन, जुनं आणि नवं, इंजिनं दोन, त्यामुळे माझी पानं चार झाली. मजकूर मावशीने सांगितला. "पहिलं पानी लिही," ती म्हणाली. मी म्हटलं, आधी स्टेज, पार्किंग, जेवणाचा हॉल लिहू. ती म्हणाली, "कुन्या मुलीचा बाप स्टेज बघतो गं? आला की संडासात जातो आन् नळ सोडून बघतो." ते खरंच होतं. जायकवाडी धरण तळाला गेलं होतं आणि शहरात नळाला पाणी येणं ही शेजाऱ्याला फोन करून सांगण्याची बातमी झाली होती. आमच्या बोअरला मात्र, का कोण जाणे, पाणी होतं. तेव्हा मोठ्या इंजिनासाठी मी गोड गोड परिच्छेद लिहिले, आणि धाकट्यासाठी प्रत्येक पानावर, प्रत्येक फोटोखाली लिहिलं: पडेगाव, पाणी, भरपूर पाणी, चोवीस तास पाणी, टँकरची कटकट नाही.

मोठ्या इंजिनाने आम्हाला कुठल्याशा पानावर नेऊन टाकलं, जिथे माणूस जातच नाही. धाकटा मात्र खूश झाला. काही दिवसांत आम्ही त्याच्यावर पहिल्या नंबरला आलो. लग्नासाठी नव्हे. कुणी "पडेगाव पाणी टँकर" असं शोधलं की सगळ्यात वर मावशीचं मंगल कार्यालय!

फोन मावशीकडे असायचा. पहिला आला तेव्हा मी समोरच बसले होते.

"कवाची तारीख पाहिजे?" मावशीने विचारलं.

"आजचीच. लई अर्जंट आहे."

मावशीने फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "पळून जाऊन करत्यात वाटतं." मग फोनात, "मानसं किती?"

"घरात सहा."

"सहा मानसांत उरकता? आन् मुलीचे आई-बाप?"

"ते गावाकडं असतात हो, पण त्यांचा काय संबंध?"

मावशीने त्या गृहस्थांना चांगलंच फैलावर घेतलं. आई-बापाच्या आशीर्वादाशिवाय काही सुरू करू नये, असं बरंच काही ती बोलली. ते बिचारे शेवटी म्हणाले, "बाई, अर्धाच टँकर द्या, पण बोलू नका."

त्यानंतर फोन थांबेना. ऑफिसं उघडली की सुरू, जेवणाच्या सुट्टीत जास्त. "खाला, टँकर कब भेजते?" असंही कुणी विचारायचं. मी घाबरून म्हटलं, आजच सगळं पाणी काढून टाकते वेबसाईटवरून. पण मावशीने मला अडवलं. तिचं माहेर कोरड्या पट्ट्यातलं. दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणू नये, एवढं एकच तिच्या आईने तिला शिकवलं होतं, असं ती सांगायची. मग ती फोनवर सांगू लागली, "टँकर नाय. पन कॅन घिऊन या. भरून न्या."

आणि लोक आले. स्कूटरवर कॅन, सायकलला हंडे, एका बँकेतल्या बाईंच्या गाडीत बाळाचा टब. मावशी कुणालाही तसंच पाणी देत नसे. आधी खुर्चीवर बसवायची, चहा पाजायची आणि सगळं कार्यालय फिरवून दाखवायची. वधूची खोली, वराची खोली, आचाऱ्याची जागा. कॉलनीतल्या निवृत्त गुरुजींना घरात लग्नाचं कुणी उरलं नव्हतं, तरी त्यांनी वराची खोली तीनदा पाहिली.

याच लोकांनी घरी जाऊन मोठ्या इंजिनावर आमच्याबद्दल लिहिलं. "लग्न पाहिले नाही, पाणी उत्तम." "डाळ लवकर शिजते, अवश्य भेट द्या." "मालकीणबाई बोलक्या." सगळे अभिप्राय पाच चांदण्यांचे. मोठ्याला हेच तर पाहिजे होतं. तो आम्हाला वर वर सरकवू लागला, आणि लग्नाच्या पार्ट्या खरोखर विचारायला आल्या. वैशाखातल्या थोड्या तारखा भरल्या, थोड्या राहिल्या. काका रोज वही उघडून रिकाम्या तारखा मोजत होते. मला त्यांचा राग येत होता, अगदी मनापासून.

मग एके दिवशी सकाळी बिल्डरचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. त्याने फाईलमधून कागद काढला, तर आमच्या वेबसाईटचं छापलेलं पान! त्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर धाकटंच इंजिन होतं.

"काका, साहेबांनी भाव वाढवलाय," तो म्हणाला. "सगळ्या पट्ट्यात बोअर फेल आहेत. तुमच्याकडं चोवीस तास पाणी. नुसत्या जागेत साहेबांना इंटरेस्ट नाही, पाण्यासकट पाहिजे."

 जागा वाचवायला केलेली वेबसाईट जागा विकून मोकळी होणार होती. काका खुर्चीत नीट सावरून बसले.

मावशी दारातूनच म्हणाली, "पानी नाय आमच्याकडं."

"पण इथं लिहिलंय ना."

"ही पोरगी काय बी लिहिते. हिचं करिअर हाय."

त्याने बाहेर पाहिलं. गेटपासून नळापर्यंत कॅनवाल्यांची रांग होती. "मग हे कोण?"

"वऱ्हाडी," मावशी म्हणाली.

"आणि हातात डबे?"

"रुखवत हाय."

रांगेत कुणीतरी खोकलं. तो माणूस तडक गुरुजींकडे गेला आणि त्याने विचारलं, खरं सांगा, इथे पाणी मिळतं का? गुरुजींनी कॅन पाठीमागे धरला. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारलेला माणूस. "रोज येतो, रोज रिकामा जातो," ते म्हणाले.

"मग रोज येता कशाला?"

"आशेवर."

मला हसू दाबता येईना, म्हणून मी मावशीकडे पाहिलं, आणि हसू गेलं. ती दाराची चौकट धरून उभी होती. डोळ्यांत पाणी, तोंड पांढरं. एवढ्या माणसांसमोर पाण्याला नाही म्हणायची तिच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती. आईचं नाव घेऊन ती पुटपुटत होती, बहुतेक माफी मागत होती.

काकाही तिच्याकडेच बघत होते. 

"काका, बायामाणसांचं सोडा," तो माणूस म्हणाला. "तुम्ही मालक. पाणी आहे का नाही? हो म्हणा, आत्ता सही करू."

काका उठले, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "नाय," ते म्हणाले. "मागल्याच महिन्यात आटलं. नुसती हवा येतीय."

त्याने कागदाची घडी केली, फाईल बगलेत मारली आणि तो गेला. गाडी वळणाआड जाईपर्यंत कुणी हललं नाही. मग मावशी पदर खोचून धावतच नळाकडे गेली आणि गुरुजींचा कॅन ओसंडून वाहीपर्यंत भरत राहिली. रडत होती, आणि या खेपेला नवरी नव्हती.

काका माझ्याजवळ येऊन बसले. "पोरी," ते हळूच म्हणाले, "आज सांजच्याला वेबसाईटवरलं बोअर आटव. वरपक्षात आन् वधूपक्षात, दोन्हीकडं."