लवंगेच्या पाण्यातली मेथी

मंगळवार, मे महिन्याचा पहिला आठवडा. थेरगावच्या घरी हजर: मी आणि निघोज्याहून आलेली धाकटी जाऊ. नवरा पहिल्या शिफ्टला.

पालेभाजी निवडून, चिरून पाकिटात भरून द्यायची, हा आम्हा दोघींचा धंदा. गिऱ्हाईक बहुतेक पुनावळ्याच्या सोसायट्यांतलं, कंपनीतून थकून येणारं. धुण्याच्या पाण्यात मी क्लोरीनची गोळी टाकत असे. वास येतो अशी कुरकुर सुरू झाली. मग वाचलं की लवंग आणि ओवा जंतूंना आवर घालतात. दोन्ही उकळून, गाळून, गार केलेल्या पाण्यात मेथी बुडवून काढली, निथळून फ्रिजमध्ये ठेवली. चौथ्या दिवशीही पानं तरतरीत.

जावेनं पाकीट हुंगलं. "ताई, ही मेथी हाय का मसालेभात?"

"फोडणीत वास जातो."

"आन् जंतू?"

"कढईत कोण टिकतंय?"

त्या भरवशावर पाकिटं गेली. दुपारी एका गिऱ्हाइकाचा फोन. मूळची लातूरकडची, चाकणला नोकरी, पोटुशी, सातवा महिना चालू.

"काकू, तुमच्या मेथीचा घोळाणा केलाय. लवंग घातलीत का?"

घोळाणा म्हणजे कच्चीच चिरलेली मेथी, दाण्याचं कूट, तिखट, वर कच्चं तेल. कढईचा संबंधच नाही.

"खाल्लास?"

"अर्धा. का?"

"उरलेला टाकून दे. हे पाणी नवीन आहे, तपासून घेतलेलं नाही. डॉक्टरांना आत्ताच विचार."

"गावाकडं तर शेतातली तशीच खायचो की, काकू."

"तेव्हा तू एकटी होतीस."

"विचारते," ती म्हणाली. मग फोन ठेवला.

बाकीच्या घरांना फोन करून मेथी शिजवूनच खा म्हणून सांगितलं. जाऊ उरलेली पाकिटं फोडत बसली. संध्याकाळी त्या गिऱ्हाइकाचा निरोप आला: डॉक्टर म्हणाल्या, घाबरू नका, पण ताप आला तर लगेच या, काही आठवडे लक्ष ठेवा.

काही आठवडे. मेथी तपासून मिळेल का म्हणून एका प्रयोगशाळेत विचारलं होतं; त्यांनी नमुना दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फात घालून आणायला सांगितलं होतं. सकाळी मी नमुना घरीच ठेवून आधी पुनावळ्याला तिच्याकडे गेले. तिनं हसत दार उघडलं, तरी कपाळाला हात लावून पाहिल्याशिवाय माझं समाधान झालं नाही.

"काकू, रोज येणार का आता?"

फोन मात्र रोज करते. धुण्याचं पाणी पुन्हा क्लोरीनचं. लवंगेच्या पाण्यातल्या मेथीचा ताजा नमुना अजून द्यायचा राहिलाय.