कढईवरचे तीन ठोके

माझा दादा आईवर फार प्रेम करतो. इतकं की त्या प्रेमापायी ती जन्माची अंथरुणाला खिळणार होती. हे त्याच्या तोंडावर माझं सांगून झालंय, तेव्हा तुम्हाला सांगायला मला कसली भीती?

आमची आई म्हणजे ग्वेई मावशी. काओशुंग शहराबाहेरच्या या डोंगरी पट्ट्यात लग्न असो की देवाचा उत्सव, रस्त्यात मांडव पडला आणि लाल गोल टेबलं मांडली की चुलीवर तीच. या धंद्यात बाप्ये आचारी ढिगाने, बाई ही एकटी. वडील गेले त्या वर्षी तिने झारा हातात घेतला आणि पुढे कुणाच्या हातात दिला नाही. प्रेमळ वगैरे म्हणाल तर नाव नको. मी एकदा मासा जास्त उकडला म्हणून चारशे पाहुण्यांदेखत तिने माझ्या सात पिढ्या काढल्या. त्या सात पिढ्यांत ती स्वतःही येते, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

मोठ्या चुली भडकल्या की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून ती झाऱ्याने कढईच्या काठावर ठोके देते. दोन झटपट, मग जरा थांबून तिसरा. म्हणजे उचला! आम्ही टेबलावर एक थाप मारतो, म्हणजे हात लागले, आणि वाफेच्या टोपल्यांची उतरंड उचलतो. दादाला यातलं काही ठाऊक नाही. तो शिकायला बाहेर पडला तो थेट व्हँकूव्हरला जाऊन बसला. मी मात्र लग्न होऊनसुद्धा दोन गल्ल्या सोडून राहिले आणि रोज त्याच चुलीपाशी भाजले.

गेल्या हिवाळ्यात आईच्या फुप्फुसात न्यूमोनिया भरला. आयसीयू, तोंडात नळी, व्हेंटिलेटर. ताप उतरला, तिने डोळे उघडले, मला ओळखलं, आणि लगेच तिथल्या फिजिओथेरपिस्ट लोबाई हजर. बारीक चणीची, फटकळ बाई.

"यांना आज पलंगाच्या कडेला बसवायचं," त्या म्हणाल्या. "उद्या-परवा उभं करू."

"नळी असताना?" मी विचारलं.

"नळी तोंडात आहे, पायात नाही. पडून राहिल्या तर मांड्यांतलं सगळं मांस झडून जाईल. मग नळी निघेल, पण त्या उठणार नाहीत. चालेल तुम्हाला?"

मला ही बाई आवडली. आईलाही आवडली असावी, कारण लोबाईंनी बसवलं तेव्हा ती त्यांच्याकडे असं खाऊ की गिळू बघत होती, जसं ती फक्त कामाच्या माणसांकडे बघते. डॉक्टर वेईही म्हणाले, छान चाललंय.

आणि तेवढ्यात दादा विमानतळावरून थेट आला. दारातून त्याला दिसलं ते एवढंच: आई पलंगाच्या कडेला, तोंडात नळी, पाय लोंबकळतायत, दोन बायकांनी तिला धरलंय आणि ती घामाघूम.

"काय चाललंय काय हे?" सगळा वॉर्ड दणाणला. "माझी आई मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही तिच्याकडून कवायत करून घेताय? झोपवा तिला! आत्ताच्या आत्ता!"

"दादा, ऐकून तरी घे—"

"तू गप्प बस, बाओज्वान. तू दुसऱ्या घरची. या घरचा मोठा मुलगा मी आहे." मग डॉक्टरांकडे वळला. "तिला काही झालं तर मी टीव्हीवाल्यांना बोलावीन. नगरसेवकाला घेऊन येईन."

झालं! टीव्हीचं नाव निघाल्याबरोबर सगळ्यांची पाचावर धारण बसली. डॉक्टर वेई चष्मा पुसत म्हणाले, घरच्यांची इच्छा नसेल तर थांबू या. घरच्यांची म्हणे! मी काय शेजारची होते?

आईला आडवं केलं. तिने नळी ओढायचा प्रयत्न केला, तर हातांना टेबल टेनिसच्या बॅटीसारखे जाड मोजे चढवले आणि मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधली. दादाने त्यालाही होकार दिला. म्हणाला, "तिच्याच भल्यासाठी." रोज भेटीच्या वेळेला तो ताकदीसाठी प्यायचा कोंबडीचा अर्क घेऊन यायचा. तोंडात नळी असलेल्या बाईसाठी! पलंगाला देवीचा ताईत बांधायचा, पांघरूण नीट करायचा आणि म्हणायचा, "आई, तू जन्मभर उभी राहिलीस. आता फक्त पडून राहा." नर्सा बिचाऱ्या म्हणायच्या, किती गुणी मुलगा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मी तिचे पाय चेपायचे. पहाटेपासून चुलीपुढे घट्ट उभ्या राहणाऱ्या त्या मांड्या रोज माझ्या हाताला कमी लागायच्या. कातडी नुसती लोंबायला लागली होती. लोबाई येऊन आडव्या आईचे गुडघे वाकवून जायच्या, तेवढीच परवानगी होती. एकदा जिन्यात मला म्हणाल्या, "तुमच्या भावाला एक सणसणीत द्यावीशी वाटते. पण मला नोकरी टिकवायचीय."

"मला नोकरी नाही," मी म्हटलं. दोघी हसलो, पण घरी जाऊन मी रडले. आईला कुठल्यातरी वृद्धाश्रमात ठेवायचं, असं दादा फोनवर बायकोशी बोलत होता. एसी असलेली, स्वच्छ खोली. तिथं ती पडून राहणार आणि हा वर्षाला एकदा अर्क घेऊन येणार.

मग नर्स म्हणाली, "मावशी फार चिडचिड करतात. हात आपटतात. झोपेचं औषध वाढवावं लागेल." मी म्हटलं, कसे आपटते? उत्तराची गरज पडली नाही. माझ्यासमोरच त्या बॅटीसारख्या मोज्याचा कठड्यावर आवाज झाला. थप-थप. मग जरा थांबून, थप.

किती दिवस ही बाई हुकूम सोडत होती, आणि आम्ही सगळे मिळून तिला गुंगी देत होतो!

मी कठड्यावर एक थाप मारली. आईने मान वळवली. पुन्हा थप-थप, थप, आणि पांघरुणाखाली दोन्ही पाय उचलायला लागली. वीतभरही उचलले जात नव्हते, पण उचलत होती.

"डॉक्टर!" मी ओरडले. "इकडे या! ती चिडलेली नाही. म्हणजे चिडलेली आहेच, पण वेडी झालेली नाही. ती उचला म्हणतेय!"

डॉक्टर वेईंना मी कढई, झारा, टोपल्या, सगळं एका दमात सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. मी थाप दिली, तिने ठोके दिले. पुन्हा दिली, पुन्हा दिले. शेवटी ते वाकले. "ग्वेई मावशी, उठायचंय?"

तिने होकाराची अशी जोरात मान हलवली की मशीन बोंबलायला लागलं.

"शुद्धीत आहेत ना त्या?" लोबाई मागून म्हणाल्या. "मग त्यांना सोडून बाकीच्यांना का विचारताय?"

डॉक्टर लाल झाले आणि त्यांनी स्वतः मनगटाचे पट्टे सोडले. आम्ही तिला बसवलं, मग उभं केलं. लोबाई पुढून, मी बगलेत हात घालून, नर्स नळी सांभाळत. आईचे पाय लटलट कापत होते. नेमका तेव्हा दादा आला.

"आई, पडशील! झोप ना, झोप!" तो धावत पुढे आला.

आईने मोकळा हात त्याच्या छातीवर ठेवला आणि ढकललं. त्या ढकलण्यात लहान पोराचीसुद्धा ताकद नव्हती. पण तो मागे सरकला आणि भिंतीला टेकून मुसमुसायला लागला. "मला वाटलं ती मरेल," म्हणाला. मला दया यायला हवी होती. नाही आली. वाया गेलेले दिवस माझ्या हातात कापत होते.

नळी निघाली. आई चालली, पण काठीने, आणि उजवा गुडघा कायमचा गेला. लोबाई म्हणतात, मध्ये थांबलो नसतो तर कदाचित वाचला असता. कदाचित.

यंदा देवीच्या उत्सवाला दादा आला. आई स्टुलावर बसून झारा चालवत होती, मी पलीकडे मासे धूत होते. पाहुणे तब्येत विचारायला आले, तर आई काय म्हणते?

"माझ्या मुलाने वाचवलं मला. व्हँकूव्हरहून धावत आला, उशापासून हलला नाही."

"आणि मुलगी?" कुणीतरी विचारलं.

"ही? ही काय, इथंच असते."

माझ्या हातातला मासा मी घमेल्यात आपटला. दादा तिच्या शेजारच्या टेबलावर मान खाली घालून जेवत होता. चुली भडकल्या होत्या. मी ठरवलं, आता सरळ घरी जायचं, जाऊ दे चुलीत ते जेवण.

तेवढ्यात कढईच्या काठावर टण-टण. मग जरा थांबून, टण.

टोपल्या तर कधीच उतरल्या होत्या. दादाने वर पाहिलं, वाढायला सांगतेय असं समजून पुन्हा जेवायला लागला. मी ओले हात पँटला पुसले, टेबलावर एक थाप मारली आणि जाऊन तिच्या बगलेत हात घातला.

"किती वेळ लावतेस गं?" ती खेकसली, आणि सगळा भार माझ्यावर टाकून उभी राहिली.