टीव्ही गेमची बंदूक

लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा आमचं घर बेसा रोडवरच्या एका नव्या लेआऊटात होतं. मोजकी घरं, मधे रिकामे प्लॉट आणि पलीकडे तुरीची शेतं. नवरा ऑफिसला गेला की घरात सासूबाई आणि मी, दोघीच. मी पहिल्यापासून भित्री. मागच्या दाराची कडी वाऱ्याने हलली तरी मी उठून दोनदा बघून यायची.

धाकटे दीर मस्कतला नोकरीला होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे ते सुटीवर आले तेव्हा टीव्हीला जोडायचा गेम घेऊन आले. एक डबा, त्यात घालायच्या कॅसेटी, दोन कंट्रोल आणि वायर लावलेली काळी प्लास्टिकची बंदूक. दीर परत गेले, डबा राहिला. नवऱ्याला त्यात रस नव्हता, पण सासूबाईंना तो इतका आवडला, की दुपारची भांडी झाली की त्या हाक मारायच्या, "ये वं, त्याले पळवू."

'तो' म्हणजे बिनबाह्यांचं निळं बनियन घातलेला हिरो. तो सारखा उजवीकडे पळायचा आणि दिसेल त्याला गोळ्या घालायचा. सासूबाई कंट्रोल दाबता दाबता बोलत राहायच्या. "याच्या गोळ्या सरतच नाही बाप्पा. कोण पुरवून राहिलं याले?" हिरो मेला आणि लगेच लुकलुकत उठला की म्हणायच्या, "घ्या, उठला! याच्या घरच्यांनी रडावं तरी कधी?"

शेवटच्या खोलीत खलनायक असायचा. तोंडावर लोखंडी मुखवटा, हातात साखळीला बांधलेला गोळा. तो यायच्या आधी संगीत जड व्हायचं. मी कंट्रोल खाली ठेवून द्यायची. सासूबाईंना मात्र त्याची दया यायची. "एवढा धिप्पाड माणूस, ना बायको ना लेकरं, एकटाच खोलीत उभा आहे. काहून चिडला, कोणी विचारलं का त्याले?" आणि असं म्हणत त्याच्यावर धडाधड गोळ्या झाडायच्या.

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या भागात एक अफवा उठली. भरदुपारी पोतं घेतलेला माणूस दाराशी येतो, पाणी मागतो, बाई आत वळली की त्याचे साथीदार घरात शिरतात. भाजीवालीने सांगितलं, मग दूधवाल्याने सांगितलं. मी दिवसाही कड्या लावायला लागले.

एक दिवस सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या आणि मी घरात एकटी पडले. शांतता सहन होईना म्हणून मी गेम लावला. बंदुकीची कॅसेट होती, पडद्यावर उडणारे पत्र्याचे डबे टिपायचे. नेम धरत होते, तेवढ्यात मागचं दार वाजलं.

"कोणी आहे का घरात? पाणी भेटन का, बाई?"

जाळीच्या दारातून दिसलं, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला माणूस. खांद्यावर पोतं. 'घरात माणसं आहेत' असं ओरडायचं होतं, पण आधी दार लावावं असं वाटलं. मी उठले. हातातली बंदूक खाली ठेवायचं सुचलंच नाही. वायर डब्यातून उपसून माझ्यामागे फरफटत आली, आणि बंदुकीचं तोंड दाराकडेच होतं.

त्याने पोतं टाकलं. दोन्ही हात वर केले. "मारू नको वं माय! लेकरं आहेत मले!"

तो वळला आणि रिकाम्या प्लॉटांतून जीव घेऊन पळाला. एक चप्पल पायरीशीच राहिली. मी लाकडी दार लावून पाठीने दाबून उभी राहिले.

थोड्या वेळाने बाहेर गलका झाला. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर माणसं, काठ्या आणि मधे एक हवालदार. तो कंपाउंडच्या भिंतीआडूनच ओरडला, "घरात पिस्तूल आहे अशी खबर आहे! बाहेर या!"

गलका ऐकून सासूबाई शेजारच्या घरातून धावत आल्या, हात पिठाने माखलेले. सगळं कळल्यावर त्या म्हणाल्या, "अरे गा, ते टीव्हीचं आहे."

"टीव्हीचं पिस्तूल?"

"टीव्हीतले डबे मारते ते."

"मंग दाखवा मारून."

आम्ही सगळे आत आलो. मी वायर जोडली, टीव्हीचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी लाईन गेली. हवालदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता मी जेलात जाते. माहेरी कोण सांगेल, वडील कसे येतील, हेच डोक्यात फिरायला लागलं. हवालदाराने बंदूक वर्तमानपत्रावर ठेवायला लावली आणि तिचं तोंड भिंतीकडे करवून घेतलं. हात मात्र लावला नाही.

ही खबर देणारा तो पळालेला माणूस गर्दीत मागे उभा होता. त्याने घाम पुसायला दुपट्टा सोडला आणि सासूबाई ओरडल्या, "अवं, हा तं माझ्या भावाच्या बगिच्यातला!"

काटोलजवळ त्यांच्या भावाची संत्र्याची बाग होती. हा तिथली राखण करायचा. बहिणीकडे संत्री देऊन ये म्हणून मामांनी त्याला यष्टीने पाठवलं होतं. उन्हात घर शोधून शोधून घसा कोरडा पडला होता, म्हणून आधी पाणी मागितलं. ती संत्री आमच्या अंगणभर पसरली होती. सासूबाईंनी त्याला पाणी दिलं, सगळ्यांना चहा केला. तो खोलीच्या पार टोकाला, दाराला लागून बसला.

लाईन आली. सासूबाईंनी पदर खोचला आणि एकामागून एक डबे उडवले. मग हवालदाराने बंदूक घेतली, एक डोळा मिटला. एकही डबा पडला नाही. "माझा नेम बरोबर आहे," तो म्हणाला, "तुमचं मशीन खराब आहे." सगळे हसले. मीही हसले, पण हसू रडण्यासारखंच बाहेर आलं.

"आता तू मार गा," सासूबाई राखणदाराला म्हणाल्या. त्याने नाही म्हणून मान हलवली.

"याच्यातून कोणालेच लागत नाही?" त्याने विचारलं.

"नाही रे, खेळणं आहे ते."

"पळून राहिलो होतो नं, तं पाठीत लागल्यासारखं झालं मले," तो म्हणाला आणि पाठ चाचपली.

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकलं आणि बंदूक कपाटात कुलूप लावून ठेवली. मला काही दिवस टीव्हीसमोर बसवेना. चोराची भीती गेली होती, पण त्या माणसाचे वर गेलेले हात सारखे दिसायचे. तोवर घरात, गावात सगळ्यांना मीच घाबरत आले होते. मला कोणी घाबरेल असं कधी वाटलं नव्हतं, आणि तसं कोणी घाबरलेलं पाहणं फार वाईट होतं.

पुढच्या वर्षी सासूबाईंबरोबर काटोलला गेले तेव्हा तो बागेच्या फाटकाशी भेटला. सासूबाईंच्या पाया पडला, मग माझ्याकडे बघून हसला. पण हसण्याआधी त्याने माझ्या हातात काय आहे ते पाहून घेतलं.